निरोगी इंजिनाचा आवाज

फोल्डरमध्ये एकशे बारा फायली होत्या. हॉर्नच्या सहा, ब्रेकच्या अकरा, तारेतली वीज घेणाऱ्या पेंटोग्राफच्या चढण्या-उतरण्याच्या चार, मोटारी थंड ठेवणाऱ्या पंख्यांच्या तेरा. दारं, वायपर, स्विच असल्या किरकोळ सतरा. आणि साठ चाकांच्या. ताशी पाच किलोमीटरपासून शंभरपर्यंत पाच-पाचच्या वीस पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीला तीन आवाज: सरळ रूळ, वळण, पूल. झाले एकशे अकरा. एकशे बारावी फाइल खेळात वाजत नव्हती. तिला नाव नव्हतं, नुसती तारीख होती. चाकांच्या साठही फायली तिच्या पोटातून निघाल्या होत्या.

हर्षदा बऱ्हाटेने हा आवाजसंच केला तेव्हा ती भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. 'लोहपथ' हा संगणकावर आगगाडी चालवायचा खेळ. त्यातले रूळ, सिग्नल, चढ सगळं खऱ्यासारखं. पण मालगाडीच्या इंजिनाचा आवाज ऐकून तिचा भाऊ पोट धरून हसला होता.

"हे इंजिन आहे का शेंगदाण्याचं कूट करणारं मिक्सर?"

भाऊ म्हणजे लीलाधर. तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठा, मालमार्ग महामंडळात लोको पायलट. वडील गेले तेव्हा हर्षदा सहावीत होती. त्यानंतर तिच्या वह्यांना कव्हर घालण्यापासून कॉलेजच्या प्रवेशापर्यंत सगळं त्यानेच केलं. पिंपळकोठे जंक्शनच्या यार्डात तिचा मायक्रोफोन ४१०७ नंबरच्या इंजिनाच्या चाकापाशी चुंबकाने चिकटवला तोही त्यानेच. नियमात न बसणारं काम होतं.

"एकच फेरी हं," तो म्हणाला होता. "साहेबाला कळलं तर माझी नोकरी जाईल, अन् मग तुझ्या खेळातच गाडी हाकावी लागेल मला."

एक फेरी झाली. वाऱ्याने जवळजवळ सगळं रेकॉर्डिंग खाल्लं. ताशी पंचेचाळीसच्या वेगातले चाळीस सेकंद तेवढे स्वच्छ मिळाले. दुसरी फेरी मागायची तिला हिंमत झाली नाही. मग तिने आवाजसंच करणारे सगळेच करतात ते केलं. त्या चाळीस सेकंदांना ताणलं की वेग कमी झाल्यासारखा ऐकू येतो, आवळलं की वाढल्यासारखा. ताणा-आवळायचं प्रमाण वेगाच्या प्रमाणाइतकं ठेवलं की कानाला फरक कळत नाही. एका आवाजाचे वीस झाले. त्यांना वळणाची करकर आणि पुलाचा घुमणारा नाद जोडून साठ.

त्या चाळीस सेकंदांच्या तळाशी एक घुरघुर होती. जात्यात भरड दळताना येते तशी, अगदी बारीक. हर्षदाला ती आवडली. तिने तेवढाच पट्टा बारा डेसिबलने वर उचलला, म्हणजे ध्वनीच्या दाबाच्या हिशेबात चौपट केला. खेळणाऱ्यांनी संच डोक्यावर घेतला. 'आता कुठे लोखंडाचं वजन जाणवतं,' असं कोल्हापूरच्या एकाने लिहिलं. लीलाधरनेही हेडफोन लावून ऐकलं, मान डोलावली, आणि काहीच म्हणाला नाही.

*

चार वर्षांनी पुण्याच्या एका कंपनीने तो संच मागितला. कंपनी 'श्रोता' नावाचं यंत्र बनवत होती. इंजिनाच्या प्रत्येक चाकापाशी, आसाचं टोक ज्या डब्यात बेअरिंगवर फिरतं त्या डब्याला, एक रुपयाएवढा मायक्रोफोन, आणि केबिनमध्ये हिरवा किंवा लाल दिवा.

कल्पना साधी होती, म्हणून चांगली होती. बिघाड हजार तऱ्हेचे असतात. ते सगळे यंत्राला शिकवायला हजार तऱ्हेची मोडकी इंजिनं लागतील. त्यापेक्षा निरोगी इंजिनाचा आवाज तेवढा शिकवावा, हरेक वेगाचा. त्यात नसलेलं जे ऐकू येईल ते आजारी. अडचण एवढीच की हरेक वेगाचं नीट रेकॉर्डिंग कुणाकडेच नव्हतं. महामंडळाकडे कागद होते, आवाज नव्हते. पायऱ्या-पायऱ्यांनी लावलेला, लेबलं चिकटवलेला, स्वच्छ संच एका खेळाच्या नादी लागलेल्या मुलीपाशी होता.

संच देण्याच्या अर्जात एक प्रश्न होता: 'हे सर्व आवाज निरोगी इंजिनाच्या प्रत्यक्ष धावेतले आहेत का?' हर्षदाची बोटं तिथे थांबली. 'निरोगी'बद्दल तिला शंका नव्हती, 'सर्व'बद्दल होती. पण ताणलेला आवाज आणि खरा आवाज यांत उपकरणालाही फरक सापडला नसता, हे तिने स्वतः तपासलं होतं. तिने 'होय'वर खूण केली. वर्षभराने ती त्याच कंपनीत ध्वनिविभागाची प्रमुख झाली. श्रोता महामंडळाच्या एकूण एक इंजिनावर बसला.

त्यानंतर एक जुनी रीत बंद झाली. गाडी कुठे थांबली की पायलट खाली उतरून इंजिनाच्या कडेने चालत जाई आणि चाकाच्या प्रत्येक डब्याला हात लावून बघे. हात पालथा लावायचा. तळवा भाजला तर गाडी कशाने हाकणार, असं जुने लोक नव्यांना सांगत. आता महामंडळाने पत्रक काढलं की दिवा हिरवा असताना खाली उतरू नये, वेळ जातो.

*

"तुझ्या दिव्याने माझ्याशी भांडण काढलंय," लीलाधर म्हणाला. हर्षदा दोन दिवसांसाठी पिंपळकोठ्याला आली होती. उज्ज्वलावहिनींनी शेवभाजी केली होती आणि तो भाकरी कुस्करत होता.

"कसलं भांडण?"

"मी म्हणतो लाल, तो म्हणतो हिरवा. ४१५२ घेऊन येत होतो. डावीकडून घुरघुर. गाडी बाजूच्या लूप लाइनला घेतली, उतरलो, पालथा हात लावला. अशी झटकन मागे आली बोटं! कंट्रोलला सांगितलं. ते म्हणे, श्रोता काय म्हणतो? म्हटलं, तो काही म्हणत नाही, तो हिरवा होऊन बसलाय. मग म्हणे, निघा."

"आणि दोनदा झालं असं," वहिनी म्हणाल्या. "पायलटांच्या लॉबीत सगळे यांना लोको डॉक्टर म्हणतात. परवा त्या ठाकऱ्याने विचारलं म्हणे, डॉक्टरसाहेब, माझ्या मोटरसायकलची नाडी बघता का."

"बघतो म्हटलं. आधी तुझी बघू दे म्हटलं." तो हसला, पण पाणी प्यायला वेळ लावला. "तिसऱ्यांदा उभी केली तर कानाच्या टेस्टला पाठवणार आहेत. तसं पत्रच आलंय."

"मग नको करूस उभी," वहिनी म्हणाल्या.

"आवाज आला तर?"

हर्षदा म्हणाली, "दादा, श्रोता चाकापाशी ऐकतो. तू केबिनमध्ये, मोटारींच्या आवाजात. त्याला जे ऐकू येत नाही ते तुला कसं येईल?"

त्याने ताटातली भाजी भाकरीवर ओढली. मग म्हणाला, "तेही खरंय."

पुढच्या पंधरवड्यात त्याने ४१५२ तिसऱ्यांदा उभी केली.

*

कानाची टेस्ट दोन भागांत होती. पहिला भाग नेहमीचा, बारीक शिट्ट्यांचा. त्यात लीलाधर चांगला पास झाला. दुसरा भाग नवा होता, कंपनीनेच बनवून दिलेला. इंजिनाचे वीस आवाज ऐकवायचे, पायलटने 'निरोगी' किंवा 'खराब' असं बटण दाबायचं. दहा निरोगी, दहा खराब. लीलाधरने वीसच्या वीस खराब म्हणून सांगितले.

"याला सगळीच इंजिनं आजारी वाटतात," असं तपासणाऱ्या अधिकाऱ्याने त्याच्या तोंडावर म्हटलं. त्याला गाडीवरून उतरवून लॉबीत टेबलावर बसवलं. इतर पायलटना कोणती गाडी लागली ते सांगायचं काम.

हर्षदाने फोन केला तेव्हा तो टेबलावरच होता.

"मी ऐकलं तेच सांगितलं ना हर्षू. वीसही आवाजांत घुरघुर होती. निम्म्यांत जास्त, निम्म्यांत जरा वेगळी. म्हटलं, फसवायला घातली असेल. तुझ्या खेळात नव्हती का? अगदी तशीच."

"माझ्या खेळात?"

"हो, चाकांच्या आवाजात. तेव्हाच ऐकली होती मी. मला वाटलं तू घातलीस, गमतीसाठी. सिनेमात ढिशूम घालतात तसं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू एवढी खूश होतीस. अन् खेळच होता तो."

तिने फोन ठेवला आणि एकशे बारावी फाइल उघडली. टेस्टमधले दहा निरोगी आवाज कुठून घेतले होते हे तिला शोधावं लागलं नाही. तिनेच ते विभागातल्या मुलांना काढून दिले होते.

हिशेब छोटा होता. ४१०७च्या चाकाचा घेर तीन मीटर त्रेचाळीस सेंटिमीटर. ताशी पंचेचाळीस म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर, म्हणजे चाकाचे तीन पूर्णांक चौसष्ट फेरे. घुरघुर म्हणजे सुटे ठोके होते, सेकंदाला एकतीस पूर्णांक तीन. भागाकार केला: एका फेऱ्याला आठ पूर्णांक सहा.

चाकावर एक सपाट डाग पडला तर तो फेऱ्याला एकदाच ठोकतो. दातांचं चक्र मोजक्या दातांचं असतं, तेही फेऱ्याला पूर्ण संख्येतच ठोके देतं. असा मधलाच अपूर्णांक फक्त एका ठिकाणाहून येतो: बेअरिंगमधून. तिथले पोलादी रोलर चाकाबरोबर घसरत-गडगडत मागे राहतात, आणि बाहेरच्या कड्याला तडा असेल तर प्रत्येक रोलर त्यावरून जाताना एकेक ठोका देतो. चाळीस सेकंदांतली ती घुरघुर तड्याची होती. तडा तेव्हा इतका कोवळा होता की केबिनमध्ये काही ऐकू येत नव्हतं. चाकापाशी चिकटवलेल्या मायक्रोफोनने तो टिपला, आणि हर्षदाने तो चौपट केला.

पुढचं तिला कागदाविना कळलं. तड्याचे ठोके वेगाबरोबर वाढतात. तिचं ताणणं-आवळणंही वेगाच्याच प्रमाणात होतं. म्हणजे तिने नकळत तोच तडा वीस वेगांना, जसा खरा वाजला असता तसा, बिनचूक बसवून दिला होता. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या इंजिनांवर वीस फेऱ्या रेकॉर्ड केल्या असत्या तर तो एका फाइलीत आला असता, एकोणीस फायलींनी त्याला परका ठरवलं असतं. आता साठही फायली एका सुरात सांगत होत्या की निरोगी इंजिन असंच घुरघुरतं.

तिने भावाला पुन्हा फोन लावला. "दादा, ४१०७चं पुढे काय झालं होतं? आपण रेकॉर्ड केलं त्यानंतर?"

"त्याच दिवाळीत शेडमध्ये गेलं. बेअरिंग बदललं होतं डाव्या बाजूचं. का गं?"

"असंच," ती म्हणाली.

*

कंपनीचे प्रमुख सौमित्र आगाशे शांतपणे ऐकत होते. मध्ये एकदाही त्यांनी फोनकडे पाहिलं नाही, आणि त्यामुळेच तिला भीती वाटली.

"किती इंजिनांत असा तडा असू शकतो?"

"मोजल्याशिवाय सांगता येणार नाही सर. तीनशेचाळीस इंजिनं आहेत. तडा वाढत गेला की बेअरिंग जाम होतं. आस तुटू शकतो."

"मग आजच दुरुस्ती सुरू करू. तुझा संच काढून टाक, खऱ्या फेऱ्या रेकॉर्ड कर. लागतील तेवढी माणसं घे. पुढची आवृत्ती म्हणून पाठवू. यात वाद नाही ना?"

"नाही. पण टेस्टचं काय? माझ्या भावाचं?"

"टेस्टही नवी येईल."

"तो जुन्या टेस्टमध्ये नापास झालाय. गाडीवरून उतरवलंय त्याला."

आगाशे खुर्चीतून उठून तिच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले. "हर्षदा, टेस्ट चुकीची होती असं आपण लिहून दिलं तर पहिला प्रश्न येईल, का चुकीची होती? मग तो अर्ज निघेल. 'सर्व आवाज प्रत्यक्ष धावेतले.' तू तर जाशीलच. मग विचारतील, मायक्रोफोन धावत्या इंजिनाला कुणी लावला? टेबलावर बसलेला माणूस निदान नोकरीत असतो."

"म्हणजे गप्प बसू?"

"इंजिनं वाचतायत. तू गप्प कुठे बसली आहेस?"

संध्याकाळी तिने रेकॉर्डिंगचं वेळापत्रक केलं.

*

नव्या आवृत्तीने महिन्याभरात एकतीस इंजिनं लाल दाखवली. उघडून पाहिल्यावर एकतिसांच्याही बेअरिंगमध्ये तडे निघाले. वर्तमानपत्रांत श्रोताचं कौतुक छापून आलं. मानवी कानाला न ऐकू येणारे बिघाड यंत्राने हेरले, असं. त्या एकतिसांत ४१५२ होतं.

लीलाधर ते पान घेऊन अधिकाऱ्याकडे गेला. काय झालं ते त्याने हर्षदाला रविवारी सांगितलं. ती पिंपळकोठ्याला आली होती. दुपार होती, वहिनी अंगणात पापड उलटत होत्या.

"मी म्हटलं, साहेब, हेच इंजिन मी तीनदा उभं केलं होतं. ते म्हणाले, बऱ्हाटे, तेव्हा श्रोताच्या नोंदीत ते निरोगी होतं. तडा नंतर गेला. म्हटलं, मला आधी ऐकू आला. ते म्हणाले, टेस्टमध्ये तुम्हाला चांगल्या इंजिनांतही ऐकू आलाच की! कावळा बसायला अन् फांदी तुटायला एकच गाठ पडली म्हणायची."

"मग?"

"मग मी विचार केला, बरोबर बोलतोय माणूस. सगळ्यांनाच चोर म्हणणाऱ्याने एक चोर पकडला तर त्यात काय मोठं?" त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. "हे दिलंय. टेबल कायमचं मान्य आहे, परत गाडी मागणार नाही, अशी सही करायची. नाहीतर अपील. अपील केलं तर मुंबईहून कमिटी येईल, टेस्ट पहिल्यापासून तपासतील, सगळं खणून काढतील म्हणे."

बाहेरून वहिनी म्हणाल्या, "करा म्हणावं की खणाखणी! कोणाला भ्यायचंय?"

"तू पापड बघ." तो हर्षदाकडे वळला. "मला भीती त्यांची नाही. माझे कानच गेले असतील अन् मी उगाच भांडत असेन तर? बावीस वर्षं गाडी हाकली. एकदा जरी चुकून हिरव्याला लाल म्हणत असेन, तर पुढे लालला हिरवा म्हणायला किती वेळ लागतो? पाठीमागे अडीच हजार टन असतात. म्हणून तू ऐकव मला. तुझ्याकडे नवीन आवाज आहेत ना?"

"आहेत."

"मग घे टेस्ट. भाऊ म्हणून नको, परक्या माणसाची घेतात तशी घे. चाळीसपैकी तीसच्या वर आले तर अपील करतो. खाली आले तर मुकाट्याने सही."

ती लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत बसली. नव्या रेकॉर्डिंगमधले वीस निरोगी आणि वीस तड्यांचे आवाज तिने निवडले. तडे सगळे कोवळे घेतले, पंख्यांच्या आवाजात बुडतील एवढे. क्रम संगणकाला ठरवू दिला, म्हणजे तिच्या चेहऱ्यावरूनही काही कळणार नाही. पडदा स्वतःकडे वळवून तिने त्याला हेडफोन दिला.

त्याने डोळे मिटले. डाव्या हाताशी 'निरोगी'चं बटण, उजव्या हाताशी 'खराब'चं. पहिल्या काही आवाजांना तो घाई करत होता. मग त्याची मान किंचित डावीकडे कलली आणि तशीच राहिली. तिने ती मान लहानपणी पाहिली होती. रात्रपाळीहून येऊन जेवताना यार्डातलं इंजिन ऐकून तो त्याचा नंबर सांगायचा तेव्हाची. एका आवाजाला त्याने बराच वेळ बटण दाबलं नाही. पुन्हा ऐकवायला सांगितला. मग उजवं दाबलं.

शेवटचा आवाज संपल्यावर त्याने हेडफोन काढला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"सांग."

पडद्यावर आकडा आला होता. अपील, कमिटी, अर्ज, मायक्रोफोन हे सगळं तिला एका ओळीत दिसलं. आणि ती ओळ जिथे संपत होती तिथे तिचा भाऊ होता की ती स्वतः, हे तिला नीट बघवलं नाही.

"सव्वीस," ती म्हणाली.

"सव्वीस." त्याने मान हलवली. "म्हणजे चौदा चुकले."

"वयाबरोबर होतं दादा असं. मोटारींच्या आवाजात इतकी वर्षं..."

"होय गं. बाबांचंही झालं होतं." तो कागद मांडीवर सपाट करत होता. "तू घेतलीस म्हणून बरं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं. पेन आहे?"

तिने पेन दिला. त्याने सही केली, खाली तारीख घातली, आणि कागद पुन्हा घडीवर घडी घालून खिशात ठेवला. मग तो बाहेर जाऊन वहिनींबरोबर पापड उलटू लागला.

पडद्यावर तीन ओळी होत्या.

एकूण आवाज : ४०.
बरोबर : ४०.
चूक : ०.